तात्पुरता पत्ता

१

मधुकरचा फोटो जिथं दिसायला हवा होता, तिथं बियाण्याचं पाकीट दिसत होतं.

पाकिटावर एक फेटेवाला हसत होता. त्याच्या हातात टरारून फुटलेली बोंडं होती आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘पूनमसिंग कृषी केंद्र – भरघोस कापूस, भरघोस हसू’.

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे अरसलानचा नेट कॅफे होता. त्या चिंचोळ्या जागेत सकाळी सकाळी सात-आठ माणसं दाटीवाटीनं उभी होती. खुर्च्यांवर दिल्लीहून आलेले दोन पत्रकार, त्यांच्या मागं काळा कोट घातलेले चारुदत्त वकील, आणि वकिलांच्या शेजारी शोभा. दाराशी, आपली इथं काही गरज नाही अशा थाटात, शोभाचे थोरले दीर नरहर उभे होते. ते निवृत्त पोस्टमास्तर. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्यांच्या तळहातांना घाम फुटायचा.

“पत्ता चुकला असेल. पुन्हा टाक,” वकील म्हणाले.

अरसलाननं पुन्हा टाकला. बोंडफूल डॉट ऑर्ग. पुन्हा तेच पाकीट आलं.

कापसाच्या मुलखात ती वर्षं फार वाईट होती. गावागावांतून माणसं जात होती आणि वर्तमानपत्रं त्यांचे आकडे छापत होती. शोभानं ठरवलं होतं की आकडे नकोत, माणसं लिहायची. कोण भजनात पेटी वाजवायचा, कोणाच्या बैलांना उभा तालुका ओळखायचा, कोणाला गोड डाळ आवडायची. प्रत्येकाचं एक पान. असं हे ‘बोंडफूल’ तिनं अरसलानच्या मदतीनं इंटरनेटवर उभं केलं होतं. पहिलं पान तिच्या नवऱ्याचं, मधुकरचं. तो शेतकरी नव्हता, खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. वरिष्ठ त्याला लोकांचा चांगला कापूस खालच्या प्रतीचा म्हणून लिहायला लावत होते. एका हंगामात त्याला ते सोसेना, आणि त्यानं स्वतःच जगाचा निरोप घेतला. शोभानं हे जसं घडलं तसं लिहिलं होतं, एक शब्द न झाकता.

आणि आज त्या पानांच्या जागी बियाण्याची जाहिरात होती. हीच पानं पाहायला आलेल्या पत्रकारांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहिलं, हलकेच वही मिटली.

“हे पूनमसिंगचं पान कोणी बनवलं?” वकिलांनी विचारलं.

अरसलाननं खाली पाहिलं. “मीच, साहेब.”

“आणि बोंडफूल?”

“तेही मीच.”

“मग आता विचारायचं काय राहिलं!” वकिलांचा आवाज चढला. “मेलेल्या माणसांची पानं विकलीस तू. आज खटल्यासाठी मी कोर्टात आहे. संध्याकाळी शोभाताईंकडे येतो. तोवर कबूल केलंस तर ठीक, नाहीतर तुझा हा कॅफे आणि तू, दोन्ही पोलिसांच्या हवाली.”

अरसलान एवढंच म्हणाला, “जी.”

नरहरांना ते ‘जी’ खटकलं. निर्दोष माणूस ओरडतो, दोषी माणूस रडतो. हा पोरगा दोन्ही करत नव्हता.

२

शोभाच्या स्वयंपाकघरात अनारशांचा वास भरला होता. कढईसमोर बसून ती एकेक अनारसा तुपात सोडत होती. डोळे कोरडे होते, तेच नरहरांना बघवेना.

“भाऊजी, हे पुण्याला पाठवायचेत,” ती म्हणाली. “रविवारी माझ्या भैरवीला पाहायला मुलाकडचे येताहेत. तिच्या मावशीकडेच कार्यक्रम. मुलगा कॉम्प्युटरमधला आहे म्हणे.”

“तू जाणार नाहीस?”

“विधवा बाई कशाला पुढे पुढे करायची, असं मावशीचं मत. तिनंच सगळं जमवलंय. माहितीपत्रसुद्धा तिनंच लिहिलं. मी फोनवर म्हटलं, आईबद्दल काही लिहायचंच असेल तर बोंडफूलचा पत्ता लिही. तेवढीच माझी कमाई.” ती थांबली. “आता तो पत्ता कुठं जातो बघा. पाहुण्यांनी उघडलं तर बियाणं.”

नरहर चहाचा कप हातात धरून बसून राहिले. आपण काही करावं असं त्यांना वाटत होतं, आणि आपल्याला काय कळतं असंही. जन्मभर त्यांनी टपाल खात्यात डाक वाटली आणि रात्री रहस्यकथा वाचल्या. पण पुस्तकातले ते हुशार, धीट लोक वेगळे. आपण बँकेत पेन मागायलाही कचरतो.

“अरसलाननं केलं असेल का हो?” शोभानं विचारलं. “त्याला दहावीला इंग्रजी मी शिकवलंय. माझ्या घरी बसून शिकला तो. ह्यांच्या पानासाठी फोटो त्यानंच स्वच्छ करून दिला. एक पैसा घेतला नाही.”

“नसेल केलं,” नरहर म्हणाले.

“मग तो नाही का म्हणत नाही?”

कप खाली ठेवून नरहर उठले, आणि उठल्यावर स्वतःलाच दचकले.

३

पूनमसिंग दुकानाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होता. नरहरांना पाहताच त्यानं हात जोडले.

“मास्तर, तुमीबी तेच विचाराले आले काय? सकाळपासून सारा गाव विचारून राह्यला. अरे बाप्पा, मेलेल्याइच्या पानावर माझी जाहिरात लावून माझं काय भलं होईन? लोक मले काय म्हनतीन? आधी बियाणं विकलं, आता मढ्यावर हसून राह्यला!”

“पण ते पान तुमचंच आहे ना?”

“हाय बी अन् नाही बी. ते बघा, जुनं पान हाय ते. अरसलाननं नमुना म्हनून बनवलं होतं. मले पसंत नाही पडलं. ते फेटेवालं मानूस माझ्या साळ्यासारखं दिसते.” तो स्वतःच हसला आणि लगेच गंभीर झाला. “मंग त्यानं दुसरं बनवलं. त्याचा पत्ता येगळा. जुन्या पानावर जो फोन हाय ना, तो कवाच बंद झाला. जिथं फोन लागत नाही तिथं गिऱ्हाईक कायले पाठवू मी?”

नरहरांनी मान हलवली. हे बरोबर होतं. पूनमसिंगनं केलं असतं तर त्यानं नव्या पानाकडे माणसं वळवली असती. आणि अरसलाननंही पैसे घेऊन केलं असतं, तर त्यानंही नव्याच पानाकडे वळवलं असतं.

मग हे मोडीत निघालेलं पान कोणाला आठवलं?

“हे जुनं पान आणखी कोणी पाहिलं होतं का?”

“मले काय माहीत? पन वकीलसाहेबाले विचारा ना. त्याइचं अन् तुमच्या भावजयीचं मागं वाजलं होतं म्हन्ते. जिनिंगच्या मालकाबद्दल बाईनं काहीतरी लिहिलं होतं तिथं, अन् मालक म्हंजे वकीलसाहेबाचा पक्षकार.” सुपारीचं खांड तोंडात टाकून पूनमसिंगनं आवाज उतरवला. “जो सगळ्यात मोठ्यानं चोर चोर ओरडते ना मास्तर, त्याचा खिसा पैले पाहाव.”

४

कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली चारुदत्त वकील डबा खात होते. नरहर समोर उभे राहिले आणि मनात जुळवलेलं वाक्य विसरले.

“बसा नरहरराव. मी केलं का, हेच विचारायचंय ना?” वकिलांनी पोळीचा तुकडा मोडला. “गाव बोलून राहिलंय, माझ्या कानावर आलंय. हो, पक्षकारानं मला सुनावलं होतं. मी शोभाताईंना ती ओळ काढायला सांगितली. त्यांनी नाही म्हटलं. विषय संपला. ते पत्रकार माझ्या ओळखीनं आले होते. त्यांच्यासमोर मीच माझं नाक कापून घेईन?”

“अरसलाननं कामाचे नमुने दाखवायला सुरुवातीला एक ई-मेल पाठवली असणार. ती तुम्हाला आली होती का?” पूनमसिंगच्या ‘नमुना’ या शब्दावरून नरहरांनी हा अंदाजच बांधला होता.

“आली होती. पण मला कुठं ते उघडता येतं? माझ्या मुन्शीनं कागदावर छापून आणली, नुसती चित्रं. मी बोंडफूलच्या समितीचा अध्यक्ष, म्हणून मला आली. आणि एक भैरवीला गेली, पुण्याला. तिचं मत घ्यावं म्हणाल्या शोभाताई.” वकिलांनी डबा बंद केला. आता त्यांचा आवाज थकलेला होता. “नरहरराव, तुम्ही साधे आहात. किल्ली ज्याच्याकडे, चोरी त्यानंच केली. आणि साइटची किल्ली एकट्या अरसलानकडे आहे.”

परतताना नरहरांच्या डोक्यात ती किल्ली खुळखुळत राहिली. किल्ली एकच असते का?

रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या खरेदी केंद्राकडे तोंड करून ताटकळत होत्या. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली सावलीत निजलेली. मधुकर असता तर या वेळी तिथं उभा असता, असा विचार आला आणि नरहर भरभर चालू लागले.

५

कॅफेत एकही गिऱ्हाईक नव्हतं. अरसलान बंद पडद्यासमोर बसला होता.

“मला समजावून सांग,” नरहर म्हणाले. “अगदी पोस्टातल्या माणसाला सांगतोस तसं. ती पानं गेली का?”

“नाही काका. हे पाहा.” त्यानं पट्टीत एक लांबलचक पत्ता टाइप केला, तिरक्या रेषा आणि आकड्यांनी भरलेला. आणि मधुकर समोर आला, चष्म्यातून किंचित हसणारा.

“पानं हाईत तिथंच हाईत. याले होस्टिंग म्हन्ते. म्हंजे घर. आपल्याजवळ पैसे नव्हते, तं आपन फुकटच्या जागेत घर बांधलं. पन फुकटच्या घराचा पत्ता असा लांब, कोनाच्या ध्यानात राहीन? म्हनून नेटवरच्या कार्डानं एक नाव विकत घेतलं, बोंडफूल. ते डोमेन. ते घर नाही, फक्त पाटी. अन् पाटीवर सांगून ठेवलं, की जो कोनी इथं येईन त्याले त्या लांबच्या घरी पाठवा. याले फॉरवर्डिंग म्हन्ते.”

“म्हणजे पुनर्निर्देशन,” नरहर पुटपुटले. हे तर त्यांचंच काम होतं. माणूस गाव बदलायचा, पोस्टात अर्ज द्यायचा, आणि जुन्या पत्त्यावरची डाक ते नव्या पत्त्यावर पाठवायचे. “म्हणजे घराला कोणी हात लावला नाही. फक्त पाटीवरचा अर्ज बदलला.”

“हाव.”

“आणि फसवायचं असतं तर?”

अरसलाननं चमकून पाहिलं. “तं पडदा लावला असता. मास्किंग असते. वर नाव आपलंच दिसते अन् खाली पान दुसऱ्याचं. इथं तसं नाही केलं. वर पट्टीत साफ दिसते की तुमी दुसरीकडं आले.”

“पोस्टात दोन तऱ्हेचे अर्ज येत. कोणी बदली होऊन कायमचा जाई. कोणी महिनाभर लेकीकडे जाई, म्हणे परत आलो की डाक इथंच द्या. तुमच्यात तसं असतं?”

अरसलाननं एक वेगळीच साइट उघडून तिथं बोंडफूलचं नाव टाकलं. खाली बारीक इंग्रजी ओळी आल्या. त्यातल्या एका आकड्यावर त्यानं बोट ठेवलं.

“वाटेत पाटी काय जबाब देते ते इथं दिसते. तीनशे एक म्हंजे कायमचं. आपन केलं तवा तीनशे एकच होतं. आता हे पाहा.”

तीनशे दोन.

“तात्पुरतं,” नरहर म्हणाले.

“तात्पुरतं.”

म्हणजे ज्यानं हे केलं तो परत येणार होता. त्याला पानं पुसायची नव्हती, थोडे दिवस झाकायची होती. पोस्टातला एक नियम नरहरांना आठवला, आणि तो त्यांना आठवायला नको होता. डाक वळवायचा अर्ज दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ज्याच्या नावची डाक, त्याचीच सही लागते.

“अरसलान, घराची किल्ली तुझ्याकडे. पण पाटी कोणाच्या नावावर आहे?”

“काका, वकीलसाहेबाले येऊ द्या. मी कबूल करतो. काही दिवस ठेवतीन, मंग सोडतीन.”

“नाव विकत घ्यायला नेटवर चालणारं कार्ड लागतं. ते इथं तुझ्याकडे नव्हतं, वकिलांकडे नव्हतं, शोभाकडे तर नव्हतंच. मग घेतलं कोणी?”

“मले नाही माहीत.”

“तू आत्ता मला सगळं सांगितलंस. कसं केलं ते सांगितलंस. फक्त कोणी, हे एकदाही बोलला नाहीस.”

अरसलाननं टेबलावर कपाळ टेकलं.

“मी फोनवर सांगत गेलतो, भैरवीताई तिकडं पुण्यात बटनं दाबत गेली,” तो तसाच बोलला. “पाटीची किल्ली तिच्याकडंच राह्यली. सकाळी पान उघडलं अन् मले तवाच समजलं. पन ताई कारनाशिवाय नाही करनार, काका. अन् काकूले हे समजलं तं? माझं काय, मी भोगून घेईन. काकूले सांगू नका.”

नरहर उठून कोपऱ्यातल्या फोनच्या डब्यात शिरले. त्यांनी पुण्याचा नंबर फिरवला.

६

“काका?” भैरवीचा आवाज ऐकताच त्यांना ती फ्रॉकमध्ये पोस्टाच्या काउंटरवर बसलेली आठवली.

“पोरी, बोंडफूल तू वळवलंस?”

“बाबांना मी पुसलं नाही, काका. मी फक्त…” तिला पुढे बोलवेना. “मावशीनं त्यांना सांगितलंय, बाबा हार्टनं गेले. आणि त्याच कागदावर आईचं कौतुक म्हणून साइटचा पत्ता घातला. मुलगा म्हणाला, शनिवारी निवांत बघतो. मी काय करणार होते? आईला म्हणायचं का, तू लिहिलंयस ते काढ? फॉरवर्डिंगची चौकट रिकामी ठेवता येईना, काहीतरी पत्ता द्यावाच लागत होता. अरसलानच्या जुन्या मेलमधला पहिला पत्ता उचलला. ऑफिसात होते, नीट पाहिलंसुद्धा नाही. सोमवारी परत लावणारच होते.”

“आज दिल्लीची माणसं आली होती. अरसलानवर आळ आलाय. संध्याकाळी वकील त्याला पोलिसांत देणार आहेत आणि तो तुझ्यासाठी हो म्हणणार आहे.”

पलीकडून बारीक रडणं ऐकू आलं.

“मला सोमवारपर्यंत वेळ द्या ना, काका.”

नरहरांना द्यावासा वाटला. जन्मात त्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. “माझ्याकडे असता तर दिला असता,” ते म्हणाले. “पण जातोय तो वेळ अरसलानचा.”

दिवेलागणीला शोभाच्या बैठकीत चौघं बसले होते. वकील घड्याळाकडे पाहत होते. अरसलाननं तोंड उघडायच्या आत नरहर उभे राहिले. त्यांनी एकेक सांगितलं : घर आणि पाटी या दोन वेगळ्या गोष्टी कशा, जुन्या पानावरचा बंद फोन काय सांगतो, पडदा का लावला नाही, आणि अर्ज तात्पुरताच का होता.

“पाटीची किल्ली अरसलानकडे कधीच नव्हती,” ते म्हणाले. “ज्यानं केलं त्याला पानांशी वैर नव्हतं. फक्त रविवार निभावून न्यायचा होता.”

‘रविवार’ हा शब्द आपल्या तोंडून निसटला हे त्यांना उशिरा कळलं. ते घाईघाईनं खाली बसले.

शोभा अनारशांच्या डब्याला फडकं बांधत होती. तिचे हात थांबले.

“कार्ड भैरवीचं होतं,” ती म्हणाली. “आणि पत्ता मीच दिला होता. मिरवायला.”

वकील उठले. अरसलानसमोर क्षणभर घुटमळले. “पोरा, तू नाही का म्हटलं नाहीस?”

“तुमी विचारलंच कुठं, साहेब. तुमी सांगितलं,” अरसलान म्हणाला.

वकील मान खाली घालून निघून गेले. शोभानं फोन ओढून घेतला. पलीकडून भैरवी ‘आई, आई’ करत असावी. शोभानं तिला बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाली, “ऐक. आहे तसंच राहू दे रविवारपर्यंत. तुझा संसार आधी. तुझे बाबा काही रागावणार नाहीत. त्यांना सवय आहे वाट पाहायची.”

फोन ठेवल्यावर ती रडली, दिवसभरात पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी अरसलान धावतच शोभाच्या दारात आला आणि तिला व नरहरांना कॅफेत घेऊन गेला. त्यानं पत्ता टाकला. बोंडफूल डॉट ऑर्ग.

चष्म्यातून किंचित हसणारा मधुकर समोर आला.

“आज तर शनिवारच आहे,” शोभा म्हणाली. तिनं पडद्याच्या कडेला बोटं टेकली. “तो मुलगा आजच बघणार होता. हिला कळत नाही का?”

“कळतंय तिला,” नरहर हळूच म्हणाले.

शोभा कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग तिनं अरसलानला विचारलं, “बेटा, तुझ्या त्या आकड्यांत बघ बरं. हे कसं लावलंय तिनं? परत तात्पुरतंच?”

अरसलाननं ती दुसरी साइट उघडली. बारीक ओळींतला आकडा त्यानं एकदा वाचला, शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि पुन्हा वाचला.

“नाही काकू,” तो म्हणाला. “कायमचं.”